पाळण्यातले सहा महिने आणि सोयाचा डबा

भाचीला मुलगा झाला. सात आठवड्यांचा असताना त्याला दिवसातून आठ-दहा वेळा पातळ शी व्हायला लागली. दवाखान्यात पाच मिनिटांत निदान झालं, ‘दुधातली साखर पचत नाही’, आणि अंगावरचं दूध बंद करून सोयाच्या पावडरीचा डबा लिहून दिला गेला. डबा घरी आला, गॅसवर पाणी उकळायला ठेवलं, आणि तेवढ्यात घरच्या ग्रुपवर भांडण पेटलं. भाचीच्या चुलतसासऱ्यांनी, म्हणजे काकांनी, एक फॉरवर्ड टाकला: सोयाबीनमध्ये बायकांचं हार्मोन असतं, माकडांवर प्रयोग झालाय, मुलगे बायकी होतात. माझा चुलतभाऊ न्यू जर्सीला असतो, त्याने तिकडून उत्तर दिलं: इथे लाखो मुलं याच दुधावर वाढलीत, माकडांचं माणसाला कसलं लावता, चीन-जपान हजारो वर्षं सोया खातंय. दोघेही शिकलेले, दोघांच्याही मनात बाळाची काळजी. रात्री साडेअकरापर्यंत हे चाललं. बाळ नेमकं किती दिवसांचं आहे, हे मात्र एकानेही विचारलं नाही.

माझ्या मते सगळी गोम तिथेच आहे. सोया चांगलं की वाईट, हा प्रश्नच चुकीचा मांडला गेलाय. दोन वर्षांच्या मुलाने सोयाच्या वड्यांची भाजी खाणं आणि दोन महिन्यांच्या मुलाने दिवसाचे चोवीस तास फक्त सोयाचंच दूध पिणं, या दोन गोष्टींना एका नावाखाली आणता येत नाही. माझं म्हणणं असं, की पहिल्या सहा महिन्यांत सोयाची पावडर ठोस वैद्यकीय कारणाशिवाय देऊ नये. ती विषारी आहे असं मी म्हणत नाही. त्या महिन्यांत बाळाच्या शरीरात एक नाजूक काम चालू असतं आणि त्यात ढवळाढवळ होण्याची वाजवी शंका आहे. ती शंका ज्या माकडांमुळे आली, त्यांच्या नावावर काकांनी नको ते खपवलं आणि भावाने त्यांना पार निकालात काढलं. माझी तक्रार दोघांबद्दलही आहे.

हे काम कोणतं? आपल्याकडे न्हाऊ घालणाऱ्या बाईला विचारा. नवजात बाळाची छाती फुगलेली असते, कधी दुधासारखा थेंबही येतो, मुलाला काय आणि मुलीला काय. (ती पिळून काढायची जुनी सवय आहे. ती मात्र खरंच थांबवायला हवी, त्याने गळू होतं.) मुलींना पहिल्या आठवड्यात कधी अंगावरून थोडं जातं. हा सगळा आईच्या आणि वारेच्या हार्मोनचा प्रताप. पोटात असताना वारेतून येणारं इस्ट्रोजेन, म्हणजे बायकांचं हार्मोन, बाळाच्या मेंदूतल्या पिट्युटरी ग्रंथीला दाबून ठेवतं; वृषणाला हार्मोन बनवण्याचा निरोप हीच ग्रंथी धाडते. बाळंतपणात वार पडते आणि तो दाब एकाएकी उठतो. मग मुलाच्या शरीरात एक चमत्कारिक गोष्ट घडते. पहिल्या महिन्यापासून तिसऱ्या महिन्यापर्यंत टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन इतकं चढतं की ते वयात येणाऱ्या पोराच्या आकड्यांजवळ जातं. सहाव्या महिन्याच्या आसपास ते परत तळाला जातं आणि पुढे दहा-बारा वर्षं तिथेच झोपून राहतं. फ्रान्समधल्या ल्यों शहरातल्या संशोधकांनी १९७३ मध्ये तान्ह्या मुलांच्या रक्तात हे दाखवून दिलं. तोवर बालपण म्हणजे हार्मोनची सुट्टी असा समज होता. डॉक्टर याला ‘मिनी-प्युबर्टी’ म्हणतात. आपण पाळण्यातलं वयात येणं म्हणू.

या दिवसांत वृषणातल्या सर्टोली पेशींची संख्या वाढते. पुढे मोठेपणी शुक्रजंतू पोसण्याचं काम याच पेशी करतात. लिंगाची वाढ होते. जन्मतः वर राहिलेलं वृषण खाली उतरायचं असेल तर बहुतेकदा याच काळात उतरतं. एखाद्या मुलाची पिट्युटरी जन्मतःच मुकी असेल तर ते रक्ततपासणीत याच काळात कळतं. ही खिडकी बंद झाली की खात्रीने सांगायला पौगंडावस्थेपर्यंत वाट पाहावी लागते. लाल तोंडाच्या र्‍हीसस माकडांच्या पिल्लांमध्ये औषधाने हा चढ मुद्दाम दाबून पाहिला गेला, तेव्हा त्यांचं पुढचं वयात येणं मागे पडलं. म्हणजे हा चढ वाया जाणारी सळसळ नव्हे. मुलाचे पाय पाळण्यात दिसतात असं आपण म्हणतो. इथे ते अक्षरशः पाळण्यात घडतात.

आता त्या प्रयोगाकडे येऊ. तो एडिंबरामध्ये रिचर्ड शार्प आणि सहकाऱ्यांनी केला आणि २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. मार्मोसेट हे ब्राझीलकडचं, खारीएवढं माकड. त्याला बहुधा जुळीच होतात. संशोधकांनी त्याचाच फायदा घेतला. नर जुळ्यांपैकी एकाला गाईच्या दुधाची पावडर, दुसऱ्याला सोयाची. चार-पाच दिवसांची असल्यापासून पाच-सहा आठवडे पिल्लांना हाताने पाजलं. आई तीच, पिंजरा तोच, दिवस तेच, फरक फक्त दुधाचा. अठरा-वीस दिवसांची झाल्यावर रक्त तपासलं, तर सोयावरच्या पिल्लांमध्ये टेस्टोस्टेरॉन सरासरीने निम्म्याहून कमी. पंधरा जोड्यांतल्या सोयावरच्या बारा पिल्लांचं टेस्टोस्टेरॉन इतकं खाली होतं, जितकं हा चढ ओसरून गेल्यावर असायचं. गाईच्या दुधावरच्या भावंडांत अशी पाचच निघाली. आणि ज्या लायडिग पेशी हे हार्मोन बनवतात त्यांची संख्या सोयावरच्या पिल्लांत उलट वाढलेली होती. विहिरीला पाणी कमी येतंय म्हणून एकाच्या जागी दोन मोटा लावाव्यात, तसं काहीसं. पेशी मोजण्यासाठी त्यातल्या काही पिल्लांची वृषणं काढली गेली. इतक्या किमतीने हाती आलेली माहिती आपण मेसेजमधून एकमेकांच्या अंगावर फेकण्यासाठी वापरतो, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आधी काकांच्या बाजूचं बघतो, कारण तिकडे घबराट जास्त आहे. या प्रयोगावरून ‘मुलगे बायकी होतात’ हे निघतं का? अजिबात नाही. त्याच प्रयोगातली काही जुळी वाढवून मोठी केली गेली आणि २००६ मध्ये त्यांचा निकाल आला. सोयावर वाढलेले नर वेळेवर वयात आले, त्यांना पिल्लं झाली. त्यांची वृषणं भावंडांपेक्षा मोठी होती आणि लायडिग पेशी मोठेपणीही जास्तच होत्या. म्हणजे शरीराने जास्तीच्या पेशी लावून काम भागवलं असावं. तेवढाच खुणेचा दगड मागे राहिला. वंध्यत्व नाही, नामर्दपण नाही. ज्याने कुणी तो फॉरवर्ड लिहिला त्याने पहिला प्रयोग सांगितला आणि दुसरा गाळला. अर्धं सांगून भीती विकणं हे आपल्याकडे नवं नाही, पण भीतीपोटी कुणी खरोखर गरज असलेल्या बाळाचं दूध बंद केलं तर? गॅलॅक्टोसेमिया नावाचा एक दुर्मीळ आजार आहे. त्यात दुधातल्या साखरेचा एक भाग बाळाच्या यकृताला आणि मेंदूला मारक ठरतो, आईचं दूधसुद्धा चालत नाही. अशा बाळाला सोयाची पावडर जीवदान असते. त्या घरात हा मेसेज पोचला तर काय अनर्थ होईल, याचा विचार पाठवणाऱ्याने केलेला नसतो.

भावाचे मुद्दे जास्त वजनदार आहेत आणि त्यांना बगल देऊन चालणार नाही. माकड म्हणजे माणूस नव्हे, हा पहिला. मार्मोसेटच्या बाबतीत तर हा आक्षेप दुप्पट खरा आहे. दक्षिण अमेरिकेतल्या या माकडांचं शरीर टेस्टोस्टेरॉन, इस्ट्रोजेन यांसारख्या स्टेरॉइड हार्मोनना थोडं बधिर असतं, म्हणून त्यांच्या रक्तात ती मुळातच भरपूर फिरतात. त्यांची पिट्युटरी वृषणाला जो निरोप धाडते, त्याचा रेणूही आपल्यासारखा नसतो. मग त्यांच्यावर प्रयोग का? कारण उंदरात हा चढ जन्मानंतर काही तासांत उरकतो आणि माकडात-माणसात तो आठवडे-महिने चालतो. उंदराच्या आतड्यातले जिवाणू सोयातल्या इस्ट्रोजेनसारख्या द्रव्यांचं जोमाने इक्वॉल नावाच्या वेगळ्याच पदार्थात रूपांतर करतात. तान्ह्या बाळाच्या आतड्यात ते जिवाणू अजून वस्तीला आलेले नसतात, त्यामुळे ते रूपांतर जवळजवळ होत नाही. म्हणजे चढाचा काळ बघायचा तर माकडच जवळचं. शिवाय मार्मोसेटच्या पिल्लांना आईचंही दूध मिळत होतं. फक्त सोयावर असलेल्या माणसाच्या बाळाला वजनाच्या हिशोबाने ही द्रव्यं त्यांच्याहून जास्त जातात. ‘माकडावरचं माणसाला लागू नाही’ असं म्हणणाऱ्याने, मग कोणत्या जिवावरचं लागू करायचं, हेही सांगावं. माणसाच्या जुळ्यांवर हा प्रयोग कुणी करणार आहे का?

चीन-जपानचा मुद्दा ऐकायला बिनतोड वाटतो. मलाही बरेच दिवस वाटायचा. पण चीन-जपानची माणसं शतकानुशतकं सोया खात आली ती दात आल्यावर. तान्हेपणी ती आईच्या अंगावर प्यायली. आई रोज टोफू खात असली तरी तिच्या दुधात यातलं फार थोडं उतरतं. फक्त सोयाच्या पावडरीवर वाढणारं बाळ ही विसाव्या शतकातली गोष्ट आहे. बाल्टिमोरच्या एका डॉक्टरांनी १९०९ मध्ये तान्ह्यांसाठी सोयाबीन वापरल्याचं पहिल्यांदा लिहिलं, आणि आजच्यासारखी पावडर सर्रास झाली ती १९६० च्या दशकानंतर. हजार वर्षांचा अनुभव या बाळाला लागू पडत नाही. १९९७ मध्ये मोजमाप झालं तेव्हा दिसलं, की मोठ्या बाईच्या हार्मोनवर परिणाम दिसायला सोयातली द्रव्यं जितकी लागतात, त्याच्या सहा ते अकरा पट, वजनाच्या मानाने, या बाळांच्या पोटात जातात. त्यांच्या रक्तात या द्रव्यांची पातळी त्यांच्या स्वतःच्या इस्ट्रोजेनच्या हजारो पट असते. इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. ही द्रव्यं खऱ्या इस्ट्रोजेनच्या तुलनेत फार दुबळी असतात, आणि रक्तात त्यांचा बहुतांश भाग यकृताने वेसण घालून निष्क्रिय केलेला असतो. त्यामुळे ‘हजारो पट’ हा आकडा नुसता उचलून ओरडणं चूक. पण दुबळा पाहुणा दिवसाचे चोवीस तास, महिनोन् महिने, दाराशी उभा असेल, तर त्याची दखलच घेऊ नये, हे म्हणणंही मला पटत नाही.

उरला लाखो मुलांचा मुद्दा. हा सगळ्यात जड. आयोवामध्ये ज्यांना बाळपणी सोया किंवा गाईच्या दुधाची पावडर मिळाली होती अशा ८११ तरुण-तरुणींची माहिती २००१ मध्ये प्रसिद्ध झाली. वय २० ते ३४. सोयावाल्यांत मोठं काही वावगं आढळलं नाही. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २००८ मध्ये आणि तिथल्या राष्ट्रीय विषविज्ञान कार्यक्रमाने २०१० मध्ये जवळपास हाच सूर लावला: काळजीचं कारण असलंच तर अगदी थोडं. हे मी मान्य करतो आणि त्यातून खूप दिलासाही घेतो. पण आयोवाचा तो अभ्यास टेलिफोनवर प्रश्न विचारून झाला होता. तीन महिन्यांचं असताना टेस्टोस्टेरॉन किती होतं, हे पंचवीस वर्षांच्या माणसाला फोनवर विचारून कळतं का? शुक्रजंतूंची संख्या निम्मी झाली तरी माणूस बाप होऊ शकतो, आणि त्याला त्याचा पत्ताही नसतो.

खरं मोजमाप उशिरा झालं. फिलाडेल्फियातल्या बाळांवरचा अभ्यास २०१८ मध्ये आला. आईचं दूध, गाईच्या दुधाची पावडर आणि सोयाची पावडर अशा तीन गटांतल्या बाळांची महिनोन् महिने तपासणी केली होती. आणि मुलांमध्ये? सोया आणि गाईच्या पावडरीत हार्मोनचा लक्षणीय फरक दिसला नाही. माझ्या म्हणण्याच्या विरुद्ध जाणारा हा सगळ्यात मोठा पुरावा आहे. मार्मोसेटमध्ये जे दिसलं ते माणसाच्या मुलग्यांत तसंच दिसत नाही, असं तो सांगतो. चुलतभावाने हा अभ्यास पुढे केला असता तर मी त्याचं कौतुक केलं असतं.

पण त्याच अभ्यासात मुलींचं काय झालं, हे वाचून मी थबकलो. सोयावरच्या मुलींच्या योनीमार्गाच्या पेशींत इस्ट्रोजेनचा प्रभाव दिसला, आणि जन्मानंतर गर्भाशय जसं आक्रसत जातं तसं ते त्यांच्यात हळू आक्रसलं. हे फरक बारीक होते. त्यातून आजार होतो असं संशोधकांनी म्हटलेलं नाही. तरी फरक दिसले ते मुलींत. मग आपल्या ग्रुपवर मुलींसाठी एकही फॉरवर्ड का नाही? कारण ती भीती मुळात आरोग्याची नव्हतीच. ती मर्दानगीची होती. ज्या महाराष्ट्राला १९८८ मध्ये, सगळ्या देशाच्या आधी, गर्भलिंगतपासणीविरुद्ध कायदा करावा लागला, त्या महाराष्ट्रात वंशाच्या दिव्याला धक्का लागेल म्हटल्यावर मेसेज वणव्यासारखा पसरतो आणि मुलीच्या गर्भाशयाची बातमी कुणाच्या कानावरही पडत नाही. भाचीला मुलगी झाली असती तर त्या रात्री ग्रुप शांत झोपला असता, आणि सोयाचा डबा विनातक्रार संपला असता. मला याचा राग येतो. विज्ञानाने हातात जे ठेवलं त्यातलं आपण तेवढंच उचललं जेवढं आपल्या जुन्या धास्तीला लागत होतं.

मग पुरावा इतका मिश्र असताना मी ‘देऊ नये’ का म्हणतो? तान्ह्या जिवांच्या बाबतीत आपण आधी दोनदा तरी पोळलो आहोत म्हणून. १९५० च्या दशकात नवजात बाळांना क्लोरॅम्फेनिकॉल हे अँटिबायोटिक दिलं जायचं. मोठ्यांना ते मानवत होतं, मग वजनाच्या हिशोबाने बाळांनाही मानवेल, असा सरळ हिशोब. बाळं राखाडी पडून दगावू लागली. त्यांच्या यकृतात ते औषध निकामी करणारी यंत्रणा अजून उभीच राहिली नव्हती. दुसरं उदाहरण डायएथिलस्टिलबेस्ट्रॉलचं, हे बनावट इस्ट्रोजेन गर्भपात टाळण्यासाठी गरोदर बायांना दिलं जायचं. त्याने गर्भपात टळत नाही हे १९५३ मध्ये शिकागोच्या चाचणीत कळलं, तरी ते चालूच राहिलं. १९७१ मध्ये बॉस्टनच्या डॉक्टरांना तरुण मुलींमध्ये योनीचा एक विरळा कर्करोग दिसला, आणि माग काढत गेल्यावर तो आईने घेतलेल्या त्या गोळ्यांपाशी पोचला. सोया म्हणजे ते औषध नव्हे. दोघांच्या ताकदीत जमीन-अस्मानाचा फरक आहे आणि असली बरोबरी करणाऱ्यांना मी थांबवीनच. या दोन्हींतून मी एवढंच घेतो: बाळाचं शरीर पदार्थ वेगळ्या रीतीने पचवतं-निचरतं, आणि हार्मोनच्या खिडकीत घडलेल्याचा हिशोब कधी कधी वीस वर्षांनी लागतो. ‘नुकसान सिद्ध झालं नाही’ आणि ‘नुकसान होत नाही हे सिद्ध झालं’ या दोन वाक्यांमध्ये त्या आयांचं अख्खं आयुष्य गेलं.

आणि सावध राहायला आपल्याला मोजावं काय लागतं? जवळजवळ काहीच नाही. ब्रिटनच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यांनी २००४ मध्ये सांगितलं, की पहिल्या सहा महिन्यांत सोयाची पावडर पहिली निवड असू नये. युरोपातल्या बालपोषण तज्ज्ञांच्या समितीने २००६ मध्ये सांगितलं, की दुधाची ॲलर्जी असलेल्या बाळालासुद्धा सहा महिन्यांपर्यंत सोया देऊ नये, कारण त्यातल्या काहींना सोयाचीही ॲलर्जी निघते आणि त्यांच्यासाठी प्रथिनं आधीच फोडलेली वेगळी पावडर मिळते. अपुऱ्या दिवसांच्या बाळांना तर ती हाडांच्या वाढीसाठीही योग्य नाही. समोरचे अभ्यास जवळपास तेच असताना अमेरिकेने ‘फारशी काळजी नाही’ म्हटलं आणि ब्रिटनने ‘कारण असेल तरच’. मला ब्रिटनचा पवित्रा पटतो, कारण पर्याय असताना शंकेचा फायदा बाळाला मिळायला हवा, डब्याला नव्हे. आपल्याकडे तर बाळाच्या डब्याची जाहिरात करायला १९९२ च्या कायद्याने बंदी आहे, २००३ मध्ये तो कायदा आणखी कडक झाला. जाहिरात थांबली, पण पाच मिनिटांत चिठ्ठीवर डबा लिहून देणारा हात थांबला नाही. आठ-दहा वेळा शी झाली म्हणून आईचं दूध तोडायचं? फक्त अंगावर पिणाऱ्या बाळाला तेवढी पातळ शी होणं पुष्कळदा नॉर्मल असतं. बाळ लघवी किती करतं, वजन वाढतंय का, हे त्या दिवशी कुणी बघितलंच नव्हतं. जन्मतःच दुधाची साखर न पचणं ही फार विरळा गोष्ट आहे.

दुसऱ्या दिवशी भाचीने बाळाला दुसऱ्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी लंगोट उघडून बघितला, बाळाला काट्यावर ठेवलं. जन्मापासून सव्वा किलोच्या वर भर पडलेली. दोन्ही वृषणं खाली उतरली आहेत ना, हे बोटांनी चाचपून त्यांनी कार्डावर लिहिलं. मग भाचीला म्हणाले, ‘ताई, याला काही झालेलं नाही. अंगावरच पाजा.’ सीलबंद डबा मेडिकलवाल्याने परत घेतला नाही, तो काही महिने फ्रीजवर पडून होता.

आता ते पोर दीड वर्षाचं आहे. मागच्या रविवारी भाची आली होती तेव्हा घरी सोयाच्या वड्यांची रस्साभाजी केली होती. मीच त्याला भातात कालवून भरवली. त्याने वाटी संपवली आणि आणखी मागितली.